सोनूबाई धनवडेंचं गाइड

आमच्या छापखान्यात चुका काढायचा पगार मला मिळायचा आणि चुका सापडायच्या सोनूआक्कांना.

१९९१ साली मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका छापखान्यात प्रूफरीडर म्हणून लागलो. गाव माझं कोडोली. सकाळी एसटीनं यायचं, संध्याकाळी एसटीनं जायचं. सोनूआक्का, म्हणजे सोनूबाई दादासो धनवडे, तिथं बाइंडिंगला होत्या. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आत-बाहेर. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की मशीन चालू असताना पलीकडच्या खोलीत ऐकू यायचा. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, घडी केलेले फर्मे क्रमानं लावायचे, शिवायचे, पुठ्ठ्याला खळ लावायची, हे काम. खात्यात चार बायका. बाकीच्या तिघी घड्या घालताना बोलायच्या, आक्का वाचायच्या. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण दहा-बारा वर्षांत हातातनं गेलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं. लग्नपत्रिकासुद्धा वाचायच्या.

छापखान्याच्या मालकांना सगळे आण्णा म्हणत. आण्णांचं स्वतःचं एक गाइड होतं. कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, सगळं चाळीस पानांत. त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं. दर नवरात्राच्या आधी त्याला नवीन रंगाचं कव्हर चढायचं, आत तोच मजकूर. देवळाभोवतीच्या दुकानांत आणि स्टँडवर ते धडाधड खपायचं, कारण दुसरं काही नव्हतंच. बाहेरगावचा माणूस स्टँडवर उतरला की आधी चहा घ्यायचा, मग ते गाइड.

एक दिवस त्याच गाइडची पानं आक्कांच्या पुढ्यात होती. मला हाक मारली.

"मास्तर, हितं लिवलंय जोतिबास्नं पन्हाळा पायी अर्धा तास. तुमी गेलायसा कधी?"

"नाही."

"मग छापलं कसं?"

"मजकूर आण्णांचा आहे, आक्का. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो."

"म्हंजी रस्ता चुकला तर चालंल, वेलांटी चुकायची न्हाय!"

तिघी बायका हसल्या. मी पण हसलो, पण ते लागलं मला. त्या दिवसापासून आक्कांनी त्या गाइडच्या चुका एका वहीत टिपायला सुरुवात केली. कुठली बस बंद झालीय, कुठली धर्मशाळा पाडून तिथं दुकानं झालीत, कुठल्या देवळाचं दार दुपारी बंद असतं. आठवड्याभरात चौतीस चुका झाल्या. पस्तिसावी मात्र चूक नव्हती. ती न लिहिलेली गोष्ट होती.

आक्कांचं माहेर पोहाळ्याचं. जोतिबाच्या डोंगराच्या कुशीतलं गाव. त्याच्या वरच्या अंगाला बौद्ध लेणी आहेत. डोंगरात कोरलेलं मोठं दालन, खांब, भोवती भिक्खूंच्या खोल्या. लहानपणी त्या तिथं शेरडं घेऊन जायच्या. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी पोरांना ओळीनं त्या दालनात बसवून वंदना शिकवली होती. आण्णांच्या गाइडमध्ये जोतिबाला सहा पानं होती, डोंगरावरच्या पेढ्यांच्या दुकानांना अर्धं पान होतं आणि लेण्यांना एक ओळ नव्हती.

आक्का वही घेऊन थेट आण्णांच्या केबिनमध्ये गेल्या. मी प्रूफं दाखवायला तिथंच उभा होतो.

आण्णांनी वही चाळली. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला बायकांना साड्या द्यायचा, आजारपणात सुट्टी द्यायचा. ते म्हणाले, "सोनूबाई, गाइड खपतंय ना? मग कशाला हात लावायचा? आणि त्या गुहांत कोण जातंय?"

"गाइडात न्हाईत म्हणून कोण जात न्हाई."

"बरं, बरं. तुम्ही घड्या घाला."

"घड्या घालतोच की. पर मग मी माझं येगळं काढतो."

आण्णा हसले. मी खाली बघितलं. खरं तर मी तेव्हा म्हणायला हवं होतं की आण्णा, बाई बरोबर बोलतेय. नवीन नोकरी होती, गप्प बसलो.

आक्कांना रविवारची सुट्टी असायची. पुढची अडीच वर्षं त्यांचा एकही रविवार घरात गेला नाही. नवरा, दादासो, शिरोलीच्या फौंड्रीत होता. त्यालाही रविवारी सुट्टी. तो म्हणायचा, "आठवड्याला एक दिवस गावतोय, तो बी तू डोंगरावर." पण त्या दिवशी नळाखाली पाण्याची कळशी तोच धरायचा. धाकटी पोरगी पूर्णिमा तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, ती कधी सोबत जायची. आक्कांची अंतर मोजायची पद्धत साधी होती. कमरेला दोन बटवे. शंभर पावलं झाली की एका बटव्यातला एक चिंचोका दुसऱ्यात. संध्याकाळी चिंचोके मोजायचे.

आणि त्या नुसतं अंतर लिहीत नव्हत्या. पाणी कुठं मिळतं, सावली कुठं आहे, म्हाताऱ्या माणसाला टेकायला दगड कुठं आहे, बायकांना आडोसा कुठं आहे, चप्पल कुठं काढली तर चोरीला जात नाही, शेवटची गाडी चुकली तर कुणाच्या दारात उभं राहिलं तर हाकलत नाहीत. ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आण्णांचं गाइड, आणि मी पाहिलेली सगळीच गाइडं, घरात बसून पुरुषांनी लिहिलेली होती.

प्रूफं मी बघितली. लक्ष्मीपुरीत एका ओळखीच्या माणसाचं ट्रेडल मशीन होतं, तिथं छापायचं ठरलं. आण्णांना कळू नये म्हणून मी प्रूफं डब्याच्या पिशवीतनं न्यायचो आणि कोडोलीच्या गाडीत बसून तपासायचो. एका गोष्टीवरून आमचं भांडण झालं. आक्कांनी लिहिलं होतं, "मी हा चढ दोनदा चढलो." मी 'चढले' केलं. त्यांनी परत 'चढलो' केलं.

"आक्का, बाई 'चढले' म्हणते."

"कुठली बाई? पुण्याची? आमी 'चढलो'च म्हणतो. चढ मी चढलोय, तुमच्या व्याकरणानं न्हाय चढला."

'चढलो' छापलं गेलं.

'पायानं बघितलेलं कोल्हापूर' या नावाचं अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक १४ ऑक्टोबर १९९४ला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, बाहेर पडलं. पाचशे प्रती. घड्या, शिलाई, पुठ्ठा, सगळं आक्कांच्या हातचं, विचारे माळावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत. पोहाळ्याच्या लेण्यांना चार पानं. माणगावला दोन, १९२० साली बाबासाहेबांची परिषद जिथं भरली ते माणगाव. जोतिबाला पाच. आणि शेवटच्या पानावर पत्ता देऊन एक ओळ: "यात चूक सापडली तर पुस्तक घेऊन या, दुरुस्त करून देईन."

देवळाभोवतीच्या दुकानदारांनी पुस्तक ठेवून घेतलं नाही. एकानं नाव वाचलं, मजकूर चाळला आणि विचारलं, "तुम्ही तर देव मानत न्हाई. मग जोतिबाचं कशापायी लिवलंय?"

"देवाचं कुठं लिवलंय? चढाचं लिवलंय. चढ सगळ्यास्नी सारखाच असतोय."

मग त्या स्वतःच स्टँडवर उभ्या राहिल्या. कामावरून सुटल्या की तासभर, बॅग घेऊन, पन्हाळा-जोतिबाच्या गाड्या लागतात तिथं. ओरडून विकायच्या नाहीत. कुणी कंडक्टरला रस्ता विचारला की पुढं होऊन म्हणायच्या, "पावणं, ह्यात हाय बगा." पुस्तक खपायला दीड वर्ष लागलं, पण पुढची आवृत्ती लौकर संपली, तिसरी त्याहून लौकर; मग चौथी निघाली. बायकांच्या मंडळांनी घेतलं, सहली काढणाऱ्या शाळांनी घेतलं. सोलापूरच्या एका मास्तरीणबाईंचं पोस्टकार्ड आलं होतं: "पन्नास मुलींना घेऊन आले होते. तुमच्या पुस्तकामुळे एकीचेही हाल झाले नाहीत." ते कार्ड आक्कांनी बाइंडिंग खात्यातल्या खिडकीला चिकटवलं. आण्णांनी बघितलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या गाइडमध्ये पोहाळ्याच्या लेण्यांवर तीन ओळी आल्या.

दुरुस्तीचा शब्द आक्का पाळायच्या. रस्ता बदलला, गाडीची वेळ बदलली की त्या छोटी चिठ्ठी छापून घ्यायच्या आणि जुन्या ओळीवर अशी चिकटवायच्या की बोट फिरवलं तरी लागू नये. कोण जुनं पुस्तक घेऊन घरी आलं तर चहा आणि चिठ्ठ्या दोन्ही फुकट. मिरजेचा एक पेन्शनर दर उन्हाळ्यात यायचा, चिठ्ठ्या लावून घ्यायला. त्याच्या पुस्तकात शेवटी मूळ मजकुरापेक्षा चिठ्ठ्याच जास्त झाल्या होत्या.

दोन हजार सालानंतर मात्र वारं फिरलं.

आधी स्टँडसमोर टूरवाले आले. एका दिवसात सगळं: सकाळी जीपमध्ये बसायचं, जोतिबा, पन्हाळा, वाडी करून संध्याकाळी परत. रस्ता विचारायचंच कारण उरलं नाही. मग लॉजवाल्यांनी रंगीत पत्रकं काढली, फुकट. एसटीच्या वेळा महिन्याला बदलायला लागल्या. चिठ्ठी वाळायच्या आत जुनी व्हायची. स्टँडवर लोक आक्कांच्या पुस्तकाकडं बघायचे, उलटं करून किंमत वाचायचे आणि ठेवून द्यायचे. २००३ साली आण्णांनी जुनी मशिनं भंगारात घातली आणि फ्लेक्सचं काम सुरू केलं. बाइंडिंग खातं बंद. मी डीटीपीला बसलो, आक्का घरी बसल्या. पुढच्या वर्षी आण्णांनी स्वतःचं गाइडही बंद केलं. मला आठवतं, आक्का राहिलेल्या पगाराच्या हिशेबाला आल्या तेव्हा आण्णा थकल्या आवाजात म्हणाले होते, "सोनूबाई, आपण दोघंही हरलो म्हणायचं."

"तुमी हरला असशीला, आण्णा. मी अजून चालतोय."

पूर्णिमा तोवर राजारामपुरीत एका सायबर कॅफेत नोकरीला लागली होती. २००६ सालच्या पावसाळ्याआधी तिनं एके दुपारी आईला तिथं नेलं. मी पण होतो. पूर्णिमानंच बोलावलं होतं. तिला आईला समजवायचं होतं की आता बास. तिनं कोल्हापूर टाइप केलं आणि पडद्यावर वेबसाईटची रांगच लागली.

"हे बघ आई. बसल्या जागी सगळं. फोटोसकट. कोण कशाला पुस्तक विकत घेईल?"

आक्का चष्मा सारून जवळ गेल्या. "पन्हाळ्यावर 'तीन दरवाजा'जवळ पाणी हाय का न्हाय, हे हाय का ह्यात?"

पूर्णिमानं शोधलं. नव्हतं.

"जोतिबावर बायकांनी लघवीला कुठं जायाचं?"

"आई, हळू बोल."

"हळू कशाला? हाय का?"

तेही नव्हतं. पूर्णिमा हट्टानं आणखी शोधत गेली आणि एका टूरवाल्याच्या पानावर थबकली. पडद्यावर मराठी मजकूर होता. "मी हा चढ दोनदा चढलो. गुडघे दुखणाऱ्यांनी भिंतीच्या बाजूनं चालावं." पुढं चिंचोके मोजून काढलेली अंतरं. पोहाळ्याची चार पानं. सगळं, शब्दाला शब्द, १९९४च्या पहिल्या आवृत्तीतलं. वर आक्कांचं नाव नव्हतं. उतरवणाऱ्यानं मात्र शेवटपर्यंत उतरवलं होतं: "यात चूक सापडली तर पुस्तक घेऊन या, दुरुस्त करून देईन," आणि खाली विचारे माळाचा पत्ता.

मला वाटलं आक्का भडकतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "पयली आवृत्ती हाय. लेण्यांकडं उतरायची वाट जुनीच हाय ह्यात."

ती वाट म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरून लेण्यांकडं उतरणारी. २००५च्या मोठ्या पावसात तिचा एक तुकडा ढासळला होता. आक्कांनी त्या दिवाळीतच चिठ्ठी काढली होती: "ही वाट आता वापरू नका. खालून पोहाळे गावातून या." वेबसाईटला कुणी चिठ्ठी लावली नव्हती.

पूर्णिमानं त्याच दिवशी टूरवाल्याला ई-मेल केला. उत्तर आलं नाही. आक्का म्हणाल्या, जाऊन सांगू. पण दादासोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आडवं आलं आणि पंधरा दिवस गेले.

त्या पंधरा दिवसांतच ते घडलं. सकाळी दहाच्या सुमारास आक्कांच्या दारात बार्शीचा एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, डोळे लाल, हातात सायबर कॅफेत छापून घेतलेले कागद. आदल्या दिवशी त्याची आई त्या वाटेवर पाय घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. कागदावर पत्ता होता, म्हणून तो आला होता.

"हे तुम्ही लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"व्हय. मीच लिवलंय."

मग तो बोलत सुटला. लाज कशी वाटत नाही, म्हाताऱ्या माणसांना मारायला बसलाय का, पोलिसात देतो. शेजारपाजारचे गोळा झाले. पूर्णिमा मध्ये पडून सांगायला लागली की हे चोरून घेतलेलं आहे, जुनं आहे. आक्कांनी तिला हातानं थांबवलं. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "आई कुठल्या दवाखान्यात हाय?"

त्याच्याबरोबर त्या दवाखान्यात गेल्या. म्हातारीच्या उशाशी दोन तास बसल्या. तिनं कण्हत कण्हत सांगितलं की तिला लेणी बघायचीच होती. जयंतीच्या भाषणात कुणीतरी नाव घेतलं होतं. "बघितली का न्हाई मग?" आक्कांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "नाही. त्याच्या आधीच पडले." आक्का बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. पूर्णिमानं फोन केला होता.

"माझ्या शब्दावर इसवास ठिवून आली, मास्तर. माझ्याच शब्दावर पडली."

"आक्का, तुमची काय चूक? तुम्ही तर दुरुस्त केलं होतं."

"घरात दुरुस्त करून काय उपेग? चूक जिथं हाय तिथं दुरुस्त कराय पायजे."

घरी जाऊन त्यांनी खळीची वाटी घेतली, लेण्यांच्या वाटेची चिठ्ठी घेतली आणि आम्ही स्टँडसमोरच्या त्या टूरवाल्याच्या ऑफिसात गेलो. मालक तरुण होता, सम्राट नावाचा. काचेचं दार, गार हवा, टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर. आक्कांनी आपलं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं.

सम्राट ऐकून घेत होता, पण सारखं घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, साईट पुण्याचा माणूस बघतो. तो दोन महिन्यांनी बदल करतो. आणि खरं सांगू का? पुस्तकांचा जमाना गेला. तुमचं लिखाण आमच्यामुळं जगभर पोचलं. आभार मानायला पाहिजेत तुम्ही."

"जगभर खोटं पोचलं."

"आता ते पान लोक आमच्याच साईटवर बघणार. त्याला मी काय करू?"

"बगतात न्हवं हितं?" आक्कांनी कॉम्प्युटरकडं बोट केलं. "त्याच पडद्यावर?"

"हो."

आक्कांनी वाटीत बोट बुडवलं, चिठ्ठीला पाठीमागून खळ लावली आणि त्याच्या पडद्याच्या बरोबर मधोमध चिकटवली. कडा अंगठ्यानं दाबून घेतल्या, पंचवीस वर्षं दाबत आल्या तशा. "ही वाट आता वापरू नका."

सम्राट खुर्चीतनं उडालाच. "अहो, काय करताय! स्क्रीन खराब होईल!"

"म्हातारीचा पाय खराब झालाय. पडदा पुसला की नीट होतोय."

"मी पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा की. माझं चोरलेलं पान बी दावतो त्यास्नी."

तो चिठ्ठी नखानं खरवडायला लागला. ती निघाली नाही. आक्कांनी लावलेली चिठ्ठी सहज निघत नाही. बाकावर गाडीची वाट बघत बसलेली चार-पाच गिऱ्हाइकं पुढं झाली, वाचायला लागली, विचारायला लागली की कुठली वाट, काय झालंय. सम्राटनं आमच्यासमोरच पुण्याला फोन लावला.

दोन महिने लागले नाहीत. तीन दिवसांत पान बदललं. पण कसं? वाट दुरुस्त केली नव्हती. लेणीच काढून टाकली होती. जोतिबा, पन्हाळा, वाडी, संपलं. पूर्णिमानं ते आक्कांना दाखवलं.

"परत गाळलं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या दोन रविवारी त्या आणि पूर्णिमा डोंगरावर त्या वाटेच्या तोंडाशी गेल्या. पत्र्यावर रंगानं लिहून पाटी लावली, दगडांची आडवी ओळ रचली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खालच्या रस्त्यानं पाठवलं. आईला पुस्तक बंद कर म्हणून सांगणारी पूर्णिमा, दुसऱ्या रविवारी परत येताना गाडीत तीच म्हणाली, "आई, नवीन आवृत्ती काढू या. टायपिंग मी करते."

पाचवी आवृत्ती २००७ला आली. आक्कांनी तिच्यातनं एसटीच्या सगळ्या वेळा काढल्या, लॉजची नावं काढली, जेवणाच्या ठिकाणांची यादी काढली. पहिल्या पानावर लिहिलं: "ज्या गोष्टी रोज बदलतात त्या पुस्तकानं सांगू नयेत. त्या स्टँडवर विचारा, नाहीतर कॉम्प्युटरवर बघा. जे मी माझ्या पायानं चाललो तेवढंच यात आहे." पुस्तक बत्तीस पानांचं झालं. लेण्यांची चार पानं तशीच राहिली. तीनशे प्रती छापल्या. दोन वर्षांत एकशेदहा खपल्या. लोकांना त्याची गरज उरली नव्हती, हे आक्कांनाही दिसत होतं; ते त्या नाकारत नव्हत्या. पण रविवार आला की बटवे बांधून निघायच्या. रस्त्यात काही बदललेलं दिसलं तर चिठ्ठी काढायच्या आणि घरात पडलेल्या एकशेनव्वद प्रतींना एकेक करून लावायच्या. मी एकदा म्हटलं, "आक्का, न विकलेल्या पुस्तकांना कशाला?"

"इकली न्हाईत म्हणून खोटी ठिवू?"

२००९च्या जानेवारीत शहरातल्या एका कॉलेजनं प्रदर्शन भरवलं: जुना छापखाना. अक्षरांचे खिळे, शाईचे रूळ, खिळे ठेवायच्या लाकडी केसेस. मी निवृत्त झालो होतो, मला सल्लागार म्हणून बोलावलं. काचेच्या एका कपाटावर पाटी लावायचं ठरलं: काळाच्या पडद्याआड गेलेली प्रवासी गाइडं. आण्णांच्या वडिलांचं गाइड मिळालं. प्राध्यापक म्हणाले, त्या बाइंडिंगवाल्या बाईंचंही आणा, एका बाईंनी स्वतः केलेलं आहे, छान दिसेल.

मी विचारे माळावर गेलो. आक्कांनी नीट ऐकून घेतलं.

"काचंत ठिवणार?"

"हो."

"कुलूप लावून?"

"कुलूप असतंच, आक्का."

"मग न्हाई देत. मेलेल्याला काचंत ठिवत्यात. माझं पुस्तक अजून चालतंय, आन् मी बी."

मी समजावलं. मान आहे, नाव लागेल, कलेक्टर उद्घाटनाला येणार आहेत. त्या ऐकेनात. मी रिकाम्या हातानं परत आलो आणि मनातनं थोडा रागावलोही.

उद्घाटनाच्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजच्या फाटकात पोचलो, तर फाटकाच्या आत डाव्या हाताला आक्का उभ्या. पायाशी बॅग, हातात पाच-सहा पुस्तकं. आत शिरणाऱ्या माणसांना म्हणत होत्या, "पावणं, आत मेलेली गाइडं हायत, हितं जितं हाय." दोन पोरी हसत थांबल्या होत्या आणि एक पुस्तक चाळत होत्या. शिपाई त्यांच्यावर खेकसत होता, "बाई, आत विक्रीला परवानगी न्हाई!"

"मग रस्त्यावर उभी ऱ्हातो. रस्ता तर कॉलेजचा न्हाय न्हवं?"

त्यांनी बॅग उचलली आणि दहा पावलं मागं सरकून फूटपाथवर ठेवली. त्या पोरीही त्यांच्यामागं रस्त्यावर गेल्या. एकीनं विचारलं, "मावशी, लेण्यांना खरंच जाता येतं? आम्ही चौघी मैत्रिणी आहोत, कुणी पुरुष नाही सोबत."

"का न्हाई? रविवारी सकाळी पोहाळ्याच्या गाडीला या. मी असतो."

मी फाटकात उभा होतो. आत हार, बॅनर, खुर्च्या. अठरा वर्षं मी या बाईला ओळखत होतो, तिची प्रूफं तपासली होती, आणि एकदाही कुणासमोर म्हटलं नव्हतं की ती बरोबर आहे. डब्याच्या पिशवीतनं प्रूफं नेणारा माणूस मी.

मी रस्त्यावर गेलो. त्यांच्या बॅगेतनं दहा पुस्तकं काढून हातात घेतली आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "इस्त्री मोडंल तुमची, मास्तर."

"मोडू दे."

थोड्या वेळानं शिपाई धावत आला. "साहेब, सर आत बोलवाय लागल्यात. कलेक्टरसाहेब आल्यात, दीप लावायचाय."

"त्यास्नी सांग," मी म्हटलं, "मास्तर गिऱ्हाइकात हाय."